साक्षीचा डोळा

कॅमेऱ्याच्या नळीतला हिरवा ठिपका मोहरीएवढा होता. उजवा डोळा मिटून केतकीने डाव्या डोळ्याने त्याच्याकडे सरळ पाहिलं, की तो नाहीसा होई. नजर किंचित वर नेली, की परत येई. पुन्हा सरळ, पुन्हा नाही. तिथे भोक दिसत नसे, अंधारही नसे. ठिपक्याच्या जागी मागचा करडा रंग सलग पसरलेला असे, जणू तिथे कधी काही नव्हतंच. जे दिसत नाही ते मेंदू आजूबाजूच्यावरून भरून काढतो, आणि भरून काढलं हे मालकाला सांगत नाही.

"हलू नका मॅडम," कॅमेरा सांभाळणाऱ्या अंकिताताई म्हणाल्या. "साक्ष होऊन जाऊ दे."

केतकीने नजर सरळ ठेवली. ठिपका कुठे असायला हवा हे तिला सवयीने ठाऊक होतं. लख्ख उजेड पडला. यंत्राने खूण दाखवली: प्रकाश ठीक, रेखीवपणा ठीक.

"झालं. आता दिवसभर याची खोटं बोलायची बिशाद नाही," असं म्हणत अंकिताताईंनी पहिल्या रुग्णाला हाक मारली.

गुहागर तालुक्यात, खाडीवरच्या टेकडीवर हे नेत्र रुग्णालय होतं. डॉ. केतकी गुढेकर तिथे सतरा वर्षं शस्त्रक्रिया करत होती. २०४१ साली दृष्टिपटलाचा हा कॅमेरा आला, तेव्हा त्याच्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं की रोज सकाळी एकाच ओळखीच्या डोळ्याचं छायाचित्र घ्यावं, म्हणजे यंत्रात काही बिघडलं तर लक्षात येईल. त्यासाठी सोबत एक प्लास्टिकचा डोळा दिला होता. तो तिसऱ्याच दिवशी फरशीवर पडून फुटला. केतकी सगळ्यांच्या आधी येत असे. तिने खुर्चीत बसून आपला डावा डोळा पुढे केला. नवा प्लास्टिकचा डोळा पुढे कोणी मागवलाच नाही. अंकिताताईंनी त्याला 'साक्षीचा डोळा' म्हणायला सुरुवात केली आणि रुग्णालयात तेच नाव रुळलं. अकरा वर्षं ही चित्रं जमत गेली. यंत्र त्यांचा उजेड आणि रेखीवपणा तेवढा तपासून त्यांना संग्रहात टाकून देई. ती उघडून पाहायचं कोणाला कारण नव्हतं.

केतकीने एकदाच पाहिलं होतं, सहा वर्षांपूर्वी. वाचताना शब्दाचं मधलं अक्षर गळायला लागलं तेव्हा. दृष्टिपटलाच्या मध्यभागी, जिथे बारीक नजर वसते त्या पीतबिंदूच्या कडेला, तिळाएवढा फिकट डाग होता. झीज. सावकाश वाढणारी, औषध नसलेली. उजवा डोळा स्वच्छ होता. तिने ते चित्र बंद केलं. दृष्टिपटलाच्या नाजूक शस्त्रक्रिया ती हळूहळू रत्नागिरीला पाठवू लागली आणि स्वतःकडे मोतीबिंदू तेवढे ठेवले. नवी डॉक्टर रुजू झाली की सांगून टाकू, असं तिने ठरवलं. नवी डॉक्टर रुजू झाली. तिचा हात बसला की सांगू, असं ठरवलं. हात बसूनही आता दोन वर्षं झाली होती.

त्या आठवड्यात मात्र रुग्णालयाला निराळीच चिंता होती. सोमवारपासून संग्रहातली एकूण एक जुनी चित्रं बंद पडली होती; कॅमेरा आता नवी चित्रं खुल्या पद्धतीने काढत होता, पण जुनी उघडत नव्हती.

"म्हणजे माझ्या डोळ्यांचे फोटो तुमच्याकडे आहेत," हीना परकार म्हणाली, "पण ते बघायचे नाहीत."

"बघता येत नाहीत," चित्रसंग्रहाचं काम पाहणारा निहार कोळवणकर म्हणाला.

"तेच ते."

"तेच नाही गं. पण कोर्टात तेच."

हीना बावीस वर्षांची होती. खाडीपलीकडे तिच्या वडिलांचं बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं गॅरेज होतं आणि ती तिथे त्यांच्या हाताखाली काम करत होती. पलीकडच्या चार वाड्यांत पिढ्यान्पिढ्या चालत आलेला दृष्टिपटलाचा एक आजार होता. दिवेलागणीला अंधुक दिसण्यापासून त्याची सुरुवात होई, आणि मग अंधार कडेकडून आत सरकत येई. हीनाला आता जग पाइपातून पाहावं तसं दिसत होतं. नट समोर धरला तर दिसे, तो हातातून पडला की गेला.

या आजारावर जनुकोपचार निघाला होता. मात्रा थोड्या होत्या. म्हणून राज्याच्या उपचार समितीचा निकष कडक होता: झीज इतकी वेगाने व्हायला हवी की उपचारावाचून डोळा जाईल, आणि इतकीही नको की वाचवायला पेशीच उरल्या नसतील. वेग सिद्ध करायला गेल्या दहा वर्षांची चित्रं हवीत. हीनाची अकरा चित्रं संग्रहात होती, दर वर्षी एक. आणि अकरा दिवसांनी तिची सुनावणी होती.

"तिला नीट समजावून सांग, निहार," केतकी म्हणाली. "मलाही सांग. मी फक्त बटण दाबून चित्र पाहत आले."

निहारने खुर्ची ओढली. "साधं छायाचित्र प्रत्येक बिंदूचा रंग लिहून ठेवतं. म्हणून फाइल मोठी होते. आपला कॅमेरा स्मृतिचित्र काढायचा. ते वेगळं असतं. ज्यांनी ते शोधलं त्यांनी आधी कोट्यवधी दृष्टिपटलांची चित्रं यंत्राला दाखवली. त्यातून एक सामाईक स्मृती तयार झाली, की डोळा साधारण कसा असतो. ती कॅमेऱ्यातही असते आणि चित्र उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही. त्याला आम्ही उकलक म्हणतो. नवा डोळा समोर आला, की स्मृती आधी अंदाज बांधते. जिथे अंदाज चुकला तेवढंच फाइलीत लिहिलं जातं. बाकीचं उकलक उघडताना आठवणीतून भरतो."

"आणि आपण भरलं हे सांगत नाही," केतकी म्हणाली.

"अं? हो, सांगत नाही. तिथेच घोटाळा झाला. परदेशात एका खटल्यात वकिलाने विचारलं, हा डाग पेशंटच्या डोळ्यात होता, की तुमच्या स्मृतीने भरला? कंपनीकडे उत्तर होतं. पण ते न्यायाधीशांना पटेपर्यंत दोन वर्षं गेली. त्यांनी कानाला खडा लावला. उकलकाचं पेटंट त्यांच्याकडे अजून सहा वर्षं आहे. नव्या परवान्यात सिनेमा आहे, जाहिराती आहेत, लग्नाचे अल्बम आहेत. वैद्यकीय वापर वगळला."

"लग्न चालतं, डोळे चालत नाहीत," हीना म्हणाली. "बरोबर आहे. लग्नात डोळे मिटूनच बसायचं असतं."

निहार हसला नाही. आठवडाभर तो हसलाच नव्हता.

"तुला उकलक लिहिता येणार नाही?" केतकीने विचारलं.

"तीन आठवडे द्या, लिहितो. पेटंटमध्ये सगळी कृती छापलेली असते मॅडम. सौदाच तसा असतो: कृती जगाला सांगायची, आणि वीस वर्षं दुसऱ्या कोणी चूल पेटवायची नाही. पण मी उघडलेलं चित्र समिती हातात धरणार नाही. नियमावलीतली पहिलीच ओळ आहे, पुरावा विनापरवाना साधनाने मिळवलेला नसावा. सरकारकडे सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज केलाय. त्याला वर्ष लागेल."

वर्षाने हीनाच्या डोळ्यात वाचवण्यासारखं फारसं उरलं नसतं.

"दृष्टिक्षेत्राच्या चाचण्या कागदावर आहेत की," निहार म्हणाला. "उजेड दिसला की बटण दाबायचं, ती. त्या नाही का चालणार?"

"त्या रुग्णाच्या सांगण्यावर चालतात. समितीला चित्र हवं," केतकी म्हणाली.

"माझ्या तर चालणारच नाहीत," हीना म्हणाली. "शाळेत होते तेव्हा मी उजेड दिसला नाही तरी दाबायचे बटण. टिकटिक मोजून. वाटायचं, नापास झाले तर अब्बा गॅरेजात येऊ देणार नाहीत. चार वर्षं पास झाले मी. पहिला नंबर."

केतकीने टेबलावरचे कागद सारखे केले. ते सारखेच होते.

"पण तुमची ही पद्धत मला कळली हां," हीना निहारला म्हणाली. "आमच्याकडे असंच चालतं. दुरुस्तीला इंजिन आलं की अब्बा मला चिठ्ठी लिहितात. सगळं थोडंच लिहितात? 'नेहमीचं, फक्त डावा वॉशर नवा.' नेहमीचं म्हणजे काय ते आम्हा दोघांनाच ठाऊक. तिसऱ्याला चिठ्ठी मिळाली तर घोडा कळणार नाही."

"अगदी तसंच."

"नवं इंजिन असलं तर एकच शब्द. आणि यासीनचाचांचं ते म्हातारं इंजिन आलं की झालं! दर वर्षी चिठ्ठी लांबतेच आहे. यंदा दोन पानं भरली."

निहार एकदम संगणकाच्या पडद्याकडे वळला. हीनाच्या नावाची यादी उघडली: अकरा फाइली, एकीचंही चित्र दिसत नव्हतं, फक्त नाव, तारीख आणि आकार. त्याने आकार मोठ्याने वाचले. पहिल्या वर्षी चव्वेचाळीस किलोबाइट. मग सत्तेचाळीस. बावन्न. अठ्ठावन्न. शेवटी सत्त्याण्णव.

"पुन्हा वाच," केतकी म्हणाली.

त्याने पुन्हा वाचले. एकदाही आकडा मागे गेला नव्हता.

"या आजारात कडेला काळे डाग पडत जातात," केतकी सावकाश म्हणाली. बोलता बोलताच ती विचार करत होती. "कोळ्याच्या जाळ्यासारखे, वेडेवाकडे. साधारण डोळ्यात ते नसतात. म्हणजे स्मृतीला त्यांचा अंदाज येणार नाही. प्रत्येक डाग लिहावा लागेल."

"आणि चिठ्ठी लांबेल."

"लांबेल. पण निहार, याला परवाना?"

"पेटंट उकलण्यावर आहे मॅडम. बंद पाकिटाचं वजन करायला कोणाची परवानगी लागते?"

त्या दिवशी निहार आठवड्यात पहिल्यांदा हसला.

पुढचे चार दिवस त्याने आकारांची मोजणी केली. चार वाड्यांतले दोनशे बारा रुग्ण, त्यांच्या सगळ्या बंद फाइली, आणि शेजारी त्यांच्या कागदावरच्या चाचण्या. चाचण्या एकेकट्या कच्च्या असल्या तरी दोनशे बारा एकत्र केल्यावर त्यांचा कल पक्का दिसत होता. दहा वर्षांत फाइल दुप्पट झाली असेल, तर झीज समितीच्या निकषात बसत होती. हीनाची दुपटीहून थोडी अधिक झाली होती.

"आता धारप काय विचारतील ते सांग," केतकी म्हणाली. डॉ. समीर धारप हे समितीचे प्रमुख. संख्याशास्त्राचे माणूस, आवाज न चढवता भल्याभल्यांचे अर्ज परत पाठवण्याबद्दल प्रसिद्ध.

"ते विचारतील, कशावरून डोळा बदलला? कॅमेराच जुना होत गेला असेल. भिंगावर बुरशी, दिवा मंद. जिकडेतिकडे अंदाज चुकणार, सगळ्यांच्याच फाइली फुगणार."

"त्याला उत्तर?"

"न बदललेला डोळा दाखवायचा. निरोगी माणसाची दहा वर्षांची चित्रं. पण निरोगी माणूस डोळे दाखवायला परत कशाला येतो? शोधलं मी, एकही नाही." निहारचा चेहरा उजळला. "आणि मग आज सकाळी अंकिताताईंची हाक ऐकली. साक्ष होऊन जाऊ दे! मॅडम, तुमचा डोळा. तोच कॅमेरा, तीच खुर्ची, जवळजवळ रोज. चार हजार चित्रं! अख्ख्या देशात कोणाकडे असा साक्षीदार नसेल."

केतकीचा हात चहाच्या कपावर होता. तो तिने काढला नाही.

"तो नको घेऊस," ती म्हणाली.

"का?"

"एकाच माणसाचा डोळा. त्याला शास्त्रात काय अर्थ?"

"एक माणूस, पण चार हजार मोजण्या. तुम्हीच तर शिकवलंत मॅडम, नमुना छोटा असेल तर तो वारंवार मोजावा." तो उठलाही. "दुपारपर्यंत आलेख देतो."

दुपारी केतकीला तीन मोतीबिंदू होते. तिसरी म्हातारी पलीकडून होडीने आली होती. टेबलावर पडल्या पडल्या ती परिचारिकेला सांगत होती, की मुलगा मुंबईला ने म्हणत होता, पण मी म्हटलं, गुढेकरबाईंचा हात सोडून मी कुठे जायची नाही. केतकीने सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. उजव्याने सगळं स्पष्ट दिसत होतं. डाव्याची जागा मेंदू निमूट भरत होता. हात चोख चालला. सतरा वर्षं तो चोखच चालत आला होता. तो कशाच्या भरवशावर चालतो हे कोणी विचारलं नव्हतं, आणि ती स्वतःलाही ते क्वचितच विचारत असे. या हातापलीकडे आपण कोण, याचं उत्तर तिच्याकडे तयार नव्हतं. चित्रं बंद पडल्याचं पत्र आलं, तेव्हा सगळ्यांबरोबर ती हळहळली होती, पण त्या हळहळीच्या तळाशी तिला सुटल्यासारखंही वाटलं होतं. ते आठवून तिला स्वतःची शरम वाटली.

ती हात धुऊन आली तेव्हा निहार दाराशी उभा होता.

"साक्षीदार फुटला, मॅडम."

आलेख त्याच्या हातात होता. सुरुवातीची तीन वर्षं रेघ सपाट होती, एकतीस किलोबाइटवर. मग ती हळूच उचलली गेली होती आणि चढत चढत त्रेचाळीसवर पोचली होती. केतकीने तारीख पाहिली. रेघ आठ वर्षांपूर्वी उचलली होती. तिला स्वतःला कळायच्या दोन वर्षं आधी फाइलींना कळलं होतं.

"निरोगी डोळ्याची फाइलसुद्धा एकोणचाळीस टक्क्यांनी वाढली," निहार म्हणाला. "म्हणजे कॅमेराच. भिंगच गेलंय. माझं काहीतरी चुकलं असेल म्हणून तीनदा मोजलं."

आत्ता सांगायला हवं होतं. वाक्य लहान होतं. केतकीने ते मनात जुळवलं आणि विचारलं ते दुसरंच, "मग काय करणार?"

"काय करणार म्हणजे? आलेख समितीला पाठवणार. प्रतिकूल आहे म्हणून खिशात थोडाच घालायचा?" तो कोरडं हसला. "अंकिताताईंना सांगू नका हं. त्यांच्या कॅमेऱ्याला नावं ठेवली तर मला चहा मिळायचा नाही."

तो गेला. तर्कात त्याची काही चूक नव्हती. डोळा निरोगी आहे हे त्याने गृहीत धरलं होतं, आणि ते गृहीत त्याला तिनेच पुरवलं होतं, रोज सकाळी, अकरा वर्षं.

सुनावणी रुग्णालयाच्या व्याख्यानाच्या खोलीत झाली. डॉ. धारप स्वतः आले होते. सकाळचे अकरा वाजले होते आणि खिडकीतून खाडीचं पाणी चकाकत होतं. हीनाने प्रकाशाकडे पाठ करून बसायला जागा मागून घेतली. तिच्या हाताच्या रेषांत इंजिनाचं काळं तेल मुरलं होतं.

धारपांनी सगळं वाचून आणलं होतं. "कोळवणकर, आधी एक सांगतो. कल्पना फार सुंदर आहे. तीस वर्षांत इतका साधा आणि कायदेशीर उपाय मी पाहिला नाही. कोणाला सुचला?"

"यांच्या अब्बांच्या चिठ्ठीला," निहारने हीनाकडे हात केला.

"त्यांना माझा नमस्कार सांगा." धारपांनी पान उलटलं. "दुसरी गोष्ट, हा साक्षीचा आलेख तुम्ही लपवला नाहीत. पुष्कळांनी लपवला असता. त्याबद्दल तुमचा मान राखून सांगतो, की त्याच आलेखाने तुमची मांडणी मोडते."

"कॅमेऱ्याचा दोष वजा करून पाहिला तर?" निहारने विचारलं.

"केला मी. साक्षीची वाढ एकोणचाळीस टक्के. तेवढी कॅमेऱ्याची समजून काढून टाकली, तर या मुलीची शेवटची फाइल सत्त्याण्णवऐवजी सत्तरच्या घरात येते. चव्वेचाळीसची सत्तर. दुप्पट होत नाही. निकष पुरा होत नाही." त्यांनी चष्मा काढला. त्यांना हे बोलणं आवडत नव्हतं, हे दिसत होतं. "बेटा, तुझा डोळा बिघडला नाही असं मी म्हणत नाही. किती वेगाने बिघडला ते मला मोजता येत नाही, एवढंच. रांगेत तुझ्या मागे शेकडो माणसं आहेत. ज्याचं मोजता येतं त्याला मात्रा द्यावी लागते."

"कळलं," हीना म्हणाली. "लहानपणी मी ते बटण खरं दाबलं असतं तर कागद तरी धड असता. आपलंच नाणं खोटं, तुम्ही तरी काय करणार, डॉक्टरसाहेब."

"तू तेव्हा लहान होतीस," केतकी म्हणाली.

"लहान होते म्हणून काय झालं? दिसत नव्हतं ते मला ठाऊक होतं की."

धारपांनी फाइल मिटायला घेतली. केतकीने त्यांच्याकडे पाहिलं. डाव्या डोळ्यापुढे त्यांचा चेहरा जिथे असायला हवा तिथे तो होता, कारण उजवा डोळा तो पुरवत होता.

"डॉक्टर," ती म्हणाली, "ही रेघ चढण्याची कारणं किती असू शकतात?"

"दोनच. एक तर कॅमेरा बदलला, नाहीतर डोळा. डोळा निरोगी आहे, असं या अर्जात लिहिलंय. मग उरला कॅमेरा."

"आणि डोळा निरोगी नसेल तर?"

"मग कॅमेऱ्यावरचा आक्षेप उरत नाही. पहिली तीन वर्षं रेघ सपाट आहे, उजेड आणि रेखीवपणाच्या नोंदी रोजच्या रोज ठीक आहेत. कॅमेरा स्थिर होता असंच म्हणावं लागेल. आणि या मुलीची सगळी वाढ तिच्या डोळ्याची ठरेल. तिचीच का, सगळ्या दोनशे बारा जणांची." धारपांना विषयाची गोडी लागली होती. "खरं तर मांडणी आणखी भक्कम होईल. कारण मग असं झालं, की ज्या डोळ्यावर कोणाचाही संशय नव्हता, त्यातला आजार या पद्धतीने चित्र न उघडता पकडला. याहून कडक परीक्षा मला योजता आली नसती. पण हे सगळं जर-तर. चित्र उघडता येत नाही. मग तो डोळा ज्याचा आहे, त्यानेच येऊन सांगायला हवं."

"तो मॅडमचा डोळा आहे," निहार म्हणाला. "त्या शस्त्रक्रिया करतात, सर. त्यांच्या डोळ्याला काय..." त्याचं वाक्य मध्येच राहिलं. तो केतकीकडे पाहत होता. चार हजार मोजण्या त्याच्या मनात दुसऱ्या बाजूने पुन्हा मोजल्या जात होत्या, हे तिला दिसलं.

"मॅडम, तुम्ही बसा," तो हळूच म्हणाला. "आपण नंतर बोलू."

केतकी बसली नाही. हीनाने आवाजाच्या दिशेने मान वळवली, आपल्या छोट्या वर्तुळात केतकीचा चेहरा सापडेपर्यंत ती डोकं हलवत राहिली, आणि सापडल्यावर स्थिर झाली.

"डाव्या डोळ्यात पीतबिंदूची झीज आहे," केतकी म्हणाली. "सहा वर्षांपूर्वी मी स्वतः पाहिली. कोणाला सांगितलं नाही. आजचा कॅमेरा खुल्या पद्धतीने चित्र काढतो, त्याला कोणाचा परवाना लागत नाही. आत्ता खाली चला, माझा डोळा तुमच्या समक्ष तपासून घ्या आणि अर्जात तशी दुरुस्ती करा." वाक्य खरोखरच लहान होतं.

"आणि आजपासून मी शस्त्रक्रिया करणार नाही."